आज डोंगर बंद आहे

भूगोलाचे सर ज्वालामुखी बघायला निघालेत, ही बातमी इमारतभर पसरायला त्यांच्या सकाळच्या चहाचा कप रिकामा होण्याइतकाही वेळ लागला नाही. शेजारच्या बाईंनी जिन्यातच गाठून विचारलं, "पण सर, तो पेटलेला असतो ना?"

"असतो."

"मग आपण होऊन जवळ कशाला जायचं?"

या प्रश्नाला भूगोलात उत्तर नाही. सर नुसते हसले आणि खाली उतरले.

खरी गोष्ट अशी होती की सरांचा ज्वालामुखी शाळेत प्रसिद्ध होता. फळ्यावर एका दमात डोंगर काढायचा, मधोमध सुरीने केक कापल्यासारखा उभा छेद द्यायचा, लाल खडूने आतली नळी भरायची आणि वर पांढऱ्या खडूने धुराचा असा काही फुलोरा उडवायचा की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची. थोडक्यात, आतून सरांना ज्वालामुखी पुरता पाठ होता. बाहेरून तो त्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता. हे त्यांना आतल्या आत फार खात होतं.

आता सर काटकसरी होते. त्यांच्या पत्नी यासाठी दुसरा शब्द वापरत, पण त्या इतक्या जवळच्या असल्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरता येणार नाही. सरांनी ज्वालामुखीसाठी मुद्दाम मोसम सोडून तारखा धरल्या, कारण मोसम सोडला की दर पडतात. दरांबरोबर पाऊसही पडतो, हे खरं तर भूगोलाच्या माणसाला सांगावं लागू नये. पण स्वस्त तिकीट दिसलं की भल्याभल्यांचा विषय बदलतो.

इमारत सल्ल्यांसाठी मोकळी झाली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी आपले डोंगरात घालायचे बूट आणून दिले. ते सरांना एक नंबर मोठे होते. "दोन मोजे घाला, बसतील. आणि लक्षात ठेवा, उतरताना गुडघा नेहमी ढिला सोडायचा," इंजिनिअर म्हणाले. ते स्वतः कधी डोंगर चढले होते का, हे कोणी विचारलं नाही. बूट अगदी कोरे होते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एका पिशवीत ताप, खोकला, उलटी, जुलाब, चक्कर आणि मुका मार यांच्या गोळ्या भरून दिल्या. वर म्हणाला, "भाजल्यावर लावायचं मलम ठेवलेलं नाही. तिथवर वेळ आली तर मलमाने भागायचं नाही."

सगळी तयारी झाली आणि पत्नीची रजा रद्द झाली. त्यांच्या कचेरीत अचानक वरून तपासणी आली. एक माणूस घरी राहणार आणि एक तिकीट वाया जाणार. ते परत न होणाऱ्यातलं होतं. म्हणून तर ते स्वस्त होतं. रात्री सगळे जेवायला बसले. सर ताटाकडे बघत होते, पण त्यांना ताटात तिकीटच दिसत होतं.

"मी जाते," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई गुडघे दाखवायला म्हणून लेकीकडे राहायला आल्या होत्या. सत्तरी मागे टाकलेली, बांधा ठेंगणा, नजर थेट.

"आई, अगं ज्वालामुखी आहे तो!" पत्नी म्हणाल्या.

"ऐकलं मी. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय. तिथे चालीन."

सरांनी घसा खाकरला. इथे एक घरगुती अडचण सांगायला हवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासूबाईंना काय म्हणून हाक मारायची हे सरांचं अजून ठरलं नव्हतं. 'आई' म्हणायला जीभ वळायची नाही आणि तोंडावर 'सासूबाई' म्हणणं बरं दिसत नव्हतं. त्यामुळे समोर जाऊन उभं राहायचं, खाकरायचं आणि थेट क्रियापदावर यायचं, अशी त्यांची पद्धत होती. चहा घेता ना? पंखा लावू का? त्या दिवशी खाकरून झालं, पण क्रियापद सापडेना. तेवढ्यात सासूबाई हात धुवायला उठल्यासुद्धा.

तिकिटावरचं नाव बदलायला सर आणि सासूबाई तिकिटाच्या खिडकीशी गेले. खिडकीतल्या बाबूने तिकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे तुमच्या पत्नीच्या नावावर आहे."

"हो."

"या तुमच्या पत्नी?"

मागे रांग होती आणि रांगेला दुसरा उद्योग नव्हता. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नाही. या... त्यांच्या मातोश्री."

"मग नाव बदलता येणार नाही. नाव चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं. बदलता येत नाही."

सर हताश होऊन वळले. सासूबाई पुढे झाल्या. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं होतं, ट्रंक कॉल जोडून दिले होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण तो जिथे पाठवला तिथे पोचायचा. त्यांनी स्वयंपाकघरातून मीठ मागितलं की जिन्यातून जाणारा माणूस "आणतो" म्हणायचा.

"नाव चुकलंय," त्या खिडकीत म्हणाल्या. "माझं घालायचं होतं, चुकून मुलीचं पडलं. दुरुस्त करा."

बाबूने वर पाहिलं. तो काही बोलणार होता. मग त्याने मुकाट्याने दुरुस्त केलं.

बसने ते एक रात्र आणि बराचसा दिवस हाडं मोजत गेले. डोंगराच्या पायथ्याच्या गावी उतरले तेव्हा पाऊस पडत होता, आणि बराच काळ पडत असावा, कारण तिथल्या माणसांनी त्याची दखल घेणं सोडून दिलं होतं. सरांनी निवडलेला लॉज हा गावातला सर्वांत स्वस्त लॉज होता आणि तो तसा दिसतही होता. छत गळत होतं, पण व्यवस्थेत कसूर नव्हती. प्रत्येक गळतीखाली बादली होती. 'खोलीतून ज्वालामुखीचं दर्शन' अशी पाटी होती. सरांनी खिडकी उघडली. बाहेर ढग होता.

"कुठे आहे?" त्यांनी मालकाला विचारलं.

मालकाने ढगाच्या मधोमध बोट दाखवलं. "तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परवानगीच्या कचेरीत गेले. दारावरच पाटी लटकत होती: आज डोंगर बंद आहे.

"डोंगर कसा बंद असतो?" सरांनी आतल्या कारकुनाला विचारलं. कारकून शेगडीवर हात शेकत होता.

"हवा खराब आहे."

"म्हणजे ज्वालामुखी चालू आहे ना?"

"ज्वालामुखी चालू आहे. बघायला बंद आहे."

सरांनी शाळेतला आवाज काढला. मी शिक्षक आहे, लांबून आलोय, आमचं परतीचं तिकीट परवाचं आहे. कारकून म्हणाला की ज्वालामुखीला हे कळवण्याची सोय नाही. सरांच्या अभिमानाला ही पहिली ठेच. त्या दिवसात पुढे इतक्या बसल्या की ही त्यांना नंतर आठवलीसुद्धा नाही.

बाकावर आणखी एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर कानटोपी, डोळ्यांवर डोंगरी चष्मा, हातात घडीची काठी, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांची पिशवी. नखशिखांत नवी खरेदी. त्यांचा फरश्यांचा मोठा व्यवसाय होता आणि आल्याआल्या त्यांनी कचेरीच्या फरशीवर बूट घासून "घसरती आहे" असा निकाल दिला होता. सरांच्या अंगावरचा स्कूटरवर घालायचा रेनकोट पाहून ते म्हणाले, "सर, डोंगरात सामानावर पैसा घालायला मागेपुढे बघू नये. शेवटी जिवाचा प्रश्न आहे." सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी पाहिलं.

तासाभराने फोन वाजला. वरच्या कचेरीतून निरोप आला की दुपारपर्यंत वाऱ्याचा जोर कमी राहील, वाटाड्या बरोबर घेतला तर सोडा. कारकुनाने पाटी उलटी केली. मग त्याने सासूबाईंकडे पाहिलं.

"सत्तरीच्या पुढच्या माणसाबरोबर एक जबाबदार व्यक्ती लागते."

सासूबाईंनी सरांना मोठ्या बुटांपासून रेनकोटच्या टोपीपर्यंत एकदा नीट न्याहाळलं. "तशी कोणी दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण यांच्यावर भागवा."

फरशीवाले धरून तिघांना मिळून एकच वाटाड्या मिळाला. तो दांडगा, गोड स्वभावाचा माणूस होता. खांद्यावर दोराचं वेटोळं. त्याचा एकच दोष होता, त्याला कोणाचं मन मोडवत नसे. किती राहिलं असं विचारलं की तो म्हणायचा, "थोडंच." पायथ्याशी विचारलं तेव्हा थोडंच होतं. झाडी संपली तेव्हाही थोडंच होतं. सासूबाईंनी शेवटी त्याचं नावच 'थोडंच' ठेवलं आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला. त्याने सुरुवातीला त्यांना "आजी" म्हणून पाहिलं होतं. "आजी घरी आहे तुझी," त्या म्हणाल्या. "मावशी म्हण." तेव्हापासून मावशी.

झाडी संपल्यावर राखेचा चढ लागला. ओली, काळी, भुसभुशीत राख. पाय टाकला की तो वर जायचा आणि मग विचार बदलून खाली यायचा. सरांनी सुरुवातीला माहिती सांगायला घेतली. "ही जी राख आहे ना, ही खरी राख नव्हे. हा खडकाचाच बारीक..." इथे दम संपला. थोड्या वेळाने "...चुरा," ते म्हणाले. तोवर विषय कोणाच्याच लक्षात राहिला नव्हता.

सरांच्या पायात बूट होते, पण बुटांत पाय ठरत नव्हते. दर पावलाला आधी सर चढायचे आणि मागून बूट यायचे. एका ठिकाणी बूट आलाच नाही. सर एका पायावर उभे राहून तो ओढू लागले, तोल गेला, आणि ते बसल्या बसल्या घसरगुंडीवरून आल्यासारखे सगळ्यांच्या समोरून खाली गेले. थांबले तेव्हा एक आवाज झाला. रेनकोटची विजार मागून फाटली होती. आतली विजारही मागे राहिली नव्हती.

"लागलं का?" वाटाड्याने वरून विचारलं.

"नाही," सर म्हणाले. ते खरं होतं. लागलं ते दुसरीकडे.

फरशीवाल्यांनी पिशवी चाचपली. "माझ्याकडे जास्तीची आहे, वॉटरप्रूफ. देऊ का?"

"नको," सर म्हणाले. "हवा खेळती राहते." आणि त्यानंतर त्यांनी सर्वांत मागून चालण्याचं धोरण स्वीकारलं.

या सगळ्यात सासूबाई चालत होत्या. हे लिहायला फार सोपं आहे. त्या भराभर चालत नव्हत्या, दमत नव्हत्या असंही नव्हे. त्या एक पाऊल टाकायच्या, ते पाऊल राखेत नीट बसेपर्यंत थांबायच्या आणि मग दुसरं टाकायच्या. त्यांची छत्री वाऱ्याने आधी उलटी केली, मग हातातून काढून घेतली आणि ढगात नेली. त्यांनी ती जाताना पाहिली. "जुनीच होती," एवढंच म्हणाल्या. डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि पुढचं पाऊल टाकलं. मागून चालणाऱ्या सरांना त्यांच्या टाचा दिसत होत्या. किती वेळ ते नुसते त्या टाचांकडे बघत चढत होते. या बाई घरी खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावून 'हुश्श' करतात, हे त्यांना आठवलं. इथे एकदाही हुश्श ऐकू आलं नव्हतं.

"थांबायचं का?" सरांनी मागून विचारलं. आपल्यासाठीच विचारत होते.

"थांबले तर बसेन, आणि बसले तर उठायची नाही," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तुम्ही थांबा हवं तर, जावईबापू. मागून या."

सर थांबले नाहीत.

आणि मग वाटाड्याने हात आडवा केला. "पोचलो. यापुढे पाऊल टाकायचं नाही. पुढे तोंड आहे."

सरांनी पुढे पाहिलं.

समोर पांढरं होतं. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, सगळीकडे ढग. जगातला एक जिवंत ज्वालामुखी त्यांच्यासमोर हाकेच्या अंतरावर होता आणि त्यांना दिसत होती नुसती पांढरी भिंत. चष्मा पुसला तेव्हा ती आणखी स्पष्ट दिसली.

"थोडं थांबलं तर उघडेल?" त्यांनी विचारलं.

वाटाड्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी मन मोडायला तयार झाला असावा. त्याने मान हलवली. "आज नाही उघडायचं, सर."

फरशीवाल्यांनी त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढून घेतले. सर ओल्या राखेत बसून राहिले. फाटक्या विजारीतून गारवा लागत होता, त्याचंही भान नव्हतं. इतक्या वर्षांचा लाल खडू. त्यांचा चेहरा परीक्षेचा पेपर कोरा देऊन उठलेल्या पोरासारखा झाला होता.

सासूबाई येऊन शेजारी बसल्या. मनाशी केलेला नियम मोडून बसल्या.

"दिसत नाही वाटतं काही," त्या म्हणाल्या.

"काही नाही."

"डोळे मिटा बघू."

"अं?"

"मिटा तर. मी नोकरीत एवढी माणसं जोडली, एकाचंही तोंड कधी बघितलं नाही. पण लाईनवर आलं की कळायचं, हा घाबरलाय, हा खोटं बोलतोय, हिच्या घरी कोणीतरी गेलंय. ऐका जरा."

सरांनी डोळे मिटले. आधी वारा ऐकू आला. मग वाऱ्याखाली दुसरं काहीतरी. खोल, जाड, थांबून थांबून येणारं. कोणीतरी अवाढव्य झोपलं आहे आणि त्याचा श्वास घशात अडकतोय, मग सुटतोय. मध्येच आतून धप्प असा दबलेला आवाज आला आणि बसल्या जागी जमीन किंचित हलली. नाकात गंधकाचा वास शिरला, नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा. सरांनी हात राखेत खुपसला. वरची राख थंडगार होती. खाली ती ऊबदार होती. आणखी खाली बोटं नेली तर चक्क गरम.

"गरम आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"मग!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनीही हात घातला होता. "लाईनवर आहे तो."

किती वेळ बसले कोण जाणे. वाटाड्याला दोनदा हाक मारावी लागली. वारा पुन्हा वाढत होता.

उतरताना ढग इतका दाटला की पुढचा माणूस नुसता डाग दिसू लागला. फरशीवाले म्हणाले की त्यांच्या बुटांची पकड उतारासाठीच बनवलेली आहे, आणि ते पुढे झाले. वाटाड्या "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत डाग पुसला गेला. मग राख सरकल्याचा लांब आवाज आला, एक अर्धवट किंकाळी आली, आणि नंतर काहीच नाही.

वाटाड्या ओरडला. वाऱ्याने ओरडणं चोळामोळा करून फेकून दिलं. सर ओरडले. तेच झालं.

"सरका," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला, तोंडाशी हाताची ओंजळ धरली आणि ढगात आवाज सोडला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तो सरळ, सपाट, एका रेषेत पाठवला.

"हॅलो! हॅलो! कोण आहे लाईनवर?"

थोडा वेळ गेला. मग डावीकडून, खालून, फार लांबून: "मी! मी आहे!"

"मी म्हणजे कोण? स्पष्ट बोला!"

"फरशीवाला! मी घळीत घसरलोय! पाय मुरगळलाय! खाली काही दिसत नाही!"

"हलू नका! आणि बोलत राहा, लाईन तुटू देऊ नका!"

"काय बोलू?"

"काहीही बोला! दुकानात काय काय आहे ते सांगा!"

आणि ढगातून रडवेल्या आवाजात यादी वर येऊ लागली. न्हाणीघराची. स्वयंपाकघराची. अंगणाची. मॅट फिनिश. न घसरणारी.

वाटाड्याने दोर सोडला आणि आपल्या कमरेला एक टोक बांधलं. "खाली एकाला जावं लागेल. मी गेलो तर मला वर कोण ओढणार?" त्याने सासूबाईंकडे पाहिलं नाही. सरांकडेही पाहिलं नाही, मन मोडणं त्याला जमत नव्हतंच. पण हिशेब सरळ होता. मावशी सोडल्या तर वाटाड्याहून हलकं माणूस एकच होतं, त्याची विजार फाटलेली होती आणि बूट एक नंबर मोठे होते.

"बांधा," सर म्हणाले.

खरं सांगायचं तर सर शूर नव्हते. वर्गात पाल निघाली तर ते मॉनिटरला पुढे करत. पण त्या दिवशी त्यांनी दोर बांधून घेतला आणि पाठ उताराकडे करून पांढऱ्यात पाय टाकला. दोन पावलांत वरची माणसं नाहीशी झाली. उरले दोन आवाज. खालून फरश्या येत होत्या आणि वरून सासूबाई.

"जरा उजवीकडे, जावईबापू. आवाज उजवीकडून येतोय. आता सरळ."

सर सरळ गेले. गुडघे ढिले ठेवले. ते तसेही ढिलेच होते. आणि मग पायाखालची राख एकदम निघाली. ते पडले, दोर ताणला गेला, छातीला काच बसला, एक बूट निघून कुठेतरी गेला. सर हवेत पाय झाडत होते आणि सगळीकडे नुसतं पांढरं होतं.

"आई!" ते ओरडले. जिवाच्या आकांताने. "आई! आई!"

क्षणभर वरून काही आलं नाही. मग आवाज आला. शांत. अगदी कानाशी.

"बोला. ऐकतेय मी. दोर धरलाय त्याने, तुम्ही पडत नाही आहात. पाय टेका."

सरांनी पाय टेकले. जमीन होती, तिथेच होती. चार हातांवर फरशीवाले एका खडकाला मिठी मारून बसले होते आणि डोळे मिटून भिंतीच्या टाइल्सचे रंग सांगत होते. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, सरांना पाहिलं आणि मोठ्याने रडू लागले. मग पिशवी उघडून, अजून हुंदके देत, त्यांनी आधी वॉटरप्रूफ विजार काढून सरांच्या हातात दिली. या वेळी सरांनी ती घेतली.

वाटाड्याने दोघांना एकेक करून ओढून काढलं. फरशीवाल्यांना पाठीवर घेऊन तो डोंगर उतरला. सर एका पायात बूट आणि दुसऱ्यात दोन मोजे घालून उतरले, एका हाताने सासूबाईंचा हात धरून. कोणी कोणाला धरलं होतं हे सांगता येणार नाही. वाटेत सरांनी एकदाच विचारलं, "किती राहिलं?" वाटाड्या बोलणार एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बरंच आहे. चला." आणि सरांना का कोण जाणे, हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या अंगणात गलबला ऐकू आला. सर बाहेर आले. सगळं अंग दुखत होतं. दुखू शकतं हे माहीत नसलेल्या जागाही दुखत होत्या. अंगणात सासूबाई बाकावर बसल्या होत्या, दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत. शेजारी फरशीवाले पायाला पट्टी बांधून बसले होते आणि त्यांच्या चहात स्वतः साखर ढवळून देत होते. येईल-जाईल त्याला सांगत होते, "या मावशी आणि हे सर. मी आज चहा पितोय तो या दोघांमुळे." सर लाजून खांबाकडे बघू लागले.

"सर, वर बघा," फरशीवाले म्हणाले. "आकाश उघडलंय."

सरांनी वर पाहिलं.

रात्रीतून ढग निघून गेला होता. गावाच्या घरांमागून काळा डोंगर उठला होता आणि उठतच गेला होता. झाडी संपत होती तिथून खरा डोंगर सुरू होत होता. त्यावर राखेचा उभा, सरळ, चकचकीत चढ, इतका उंच की बघताना मान मागे टाकावी लागत होती. आणि त्याही वर, फार वर, पांढऱ्या धुराचा सावकाश फुलत जाणारा फुलोरा. हा तो. असा असतो तर.

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कपाळावर हात आडवा धरून डोंगराकडे टक लावून बघत होत्या. पायथ्यापासून टोकापर्यंत नजर गेली, टोकापासून परत पायथ्याशी आली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आपण काल यावर गेलो होतो?"

"हो, आई."

"अगदी वरपर्यंत?"

"अगदी."

सासूबाईंनी बादलीतला एक पाय हळूच हलवून बघितला, आपलाच आहे ना याची खात्री करावी तसा.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा आहे हे आधी दिसलं असतं, तर मी घरातून बाहेरच पडले नसते."